“आमच्याकडे कोणी भेदभाव करत नाही”

भोसरी परिसरातील एका कारखान्यात मी महिन्यातून दोनदा समुपदेशक म्हणून जाते. तेथील मालकांनी पहिल्याच भेटीत मला विचारले होते, “मॅडम, आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात, भेदभाव कोणी करत नाही, मग स्त्री-पुरुष समानतेचे लेखी धोरण कशाला हवे?” अनेक लहान उद्योजक हा प्रश्न प्रामाणिकपणेच विचारतात, म्हणून त्याच कारखान्यातील एक अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते.

गुणवत्ता विभागातील एक इंजिनिअर बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या आणि तीन आठवड्यांतच लिहून ठेवलेला राजीनामा पर्समध्ये घेऊन माझ्याकडे आल्या. ग्राहक कंपन्यांची दोन ऑडिट, म्हणजे गुणवत्तेच्या तपासण्या, पूर्वी त्या स्वतः सांभाळत. ती आता त्यांच्या हाताखालच्या मुलाकडे गेली होती आणि त्यांच्या टेबलावर रिजेक्ट मालाचे क्रेट रचलेले होते. “कोणी वाईट बोललं असतं तर भांडले तरी असते. सगळे काळजीनेच वागतात,” हे सांगताना त्यांना रडू फुटले. आपल्यालाच आता काम झेपत नसावे, अशी त्यांची समजूत होऊ लागली होती. कशाने दमायला होते आणि काय हातातून गेले, हे मी त्यांना दोन वेगळ्या कागदांवर लिहायला सांगितले. पहिल्या कागदावर बाळाचे रात्रीचे जागरण एवढेच होते. दुसरा पाठपोट भरला.

त्यांच्या संमतीने मी विभागप्रमुखांशी बोलले. घरी तान्हे बाळ आहे, उशिरापर्यंत थांबावे लागू नये, म्हणून ऑडिट काढून घेतली, असे त्यांनी सरळ सांगितले. “त्यांना विचारलं होतं का?” यावर ते हातातील व्हर्निअर हे मोजमापाचे साधन बराच वेळ उघडझाप करत राहिले. वार्षिक मूल्यमापनात मात्र याच गृहस्थांनी “यंदा ऑडिटचा अनुभव नाही” असा शेरा मारून या बाईंची श्रेणी खाली आणली होती. घरच्यासारख्या वातावरणातील अडचण नेमकी ही आहे, की तेथे माया आणि नुकसान एकाच हाताने वाढले जाते आणि तक्रार करणारी बाई कृतघ्न ठरते.

मालकांना कायदा ठाऊक होता. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. परंतु परतलेल्या बाईचे काम तिला कोणत्या तारखेला परत द्यायचे, हे कायदा सांगत नाही. ते कंपनीनेच लिहून ठेवावे लागते. “मग मुली घेतल्याच नाहीत तर?” असे ते अर्धवट थट्टेने म्हणाले. भरतीतील असा भेदभाव 1976 च्या समान वेतन कायद्यानेच बेकायदा ठरवला होता, हे मी सांगितले आणि, हिशेबात मी कच्ची असल्याने, सात वर्षांचा अनुभव असलेली इंजिनिअर गेल्यास काय खर्च येईल हे त्यांनाच मांडायला लावले. एका जुन्या चलानाच्या मागे भरती एजन्सीचे कमिशन आणि नव्या माणसाला ड्रॉइंग समजेपर्यंतचे महिने लिहून झाल्यावर त्यांनी चहा मागवला.

पुढे दोन पानी धोरण झाले: रजेपूर्वी कामाचे लेखी हस्तांतर, परतीनंतर ते परत मिळण्याची तारीख, मूल्यमापनातून रजेचे महिने वगळणे, आणि मुलांसाठी वेळेतील सवलत आई-वडील दोघांनाही. या सवलतीसाठी पहिला अर्ज प्रेस शॉपमधील, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या विभागातील, सुपरवायझरचा आला. पत्नीची रुग्णालयात रात्रपाळी असली की मुलीला शाळेत सोडायचे काम त्यांच्याकडे असे, आणि आजवर उशिराचे कारण म्हणून ते गाडी पंक्चर झाल्याचे सांगत आले होते.

राजीनामा दिला गेला नाही. एक ऑडिट त्या बाईंकडे परत आले आहे. दुसरे अजून त्या मुलाकडेच आहे, कारण तो ते चांगले करतो, हे त्यांनाही मान्य आहे. जवळच्या पाळणाघराशी करार करण्याचे बोलणे मात्र अजून भाड्यावर अडले आहे.