रसायन कच्चं आहे, रेणूंचं भौतिकशास्त्र झेपेल का?

प्रश्न : पदवीला भौतिकशास्त्र होतं. आता उपयोजित रेणवीय भौतिकी आणि रेणवीय पदार्थ या विषयात एम.एस्सी. करायचं मनात आहे. पण सेंद्रिय रसायन कच्चं आहे. झेपेल का?

उत्तर : झेपेल. अभिक्रियांच्या याद्या पाठ नसल्या तरी चालतं. बेन्झीनच्या कड्यात पाय-इलेक्ट्रॉन (π, म्हणजे दुहेरी बंधांतले सैलसर इलेक्ट्रॉन) कसे पसरतात हे मात्र पक्कं हवं, कारण सगळी गंमत तिथूनच सुरू होते. पॉलिअ‍ॅसिटिलीन घ्या : एकेरी-दुहेरी बंधांची लांब साखळी, एरवी वीज जेमतेम वाहून नेणारी. १९७७ मध्ये तिला आयोडीनची वाफ दिली आणि वाहकता सुमारे कोटीपट झाली! हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. हीगर तुमच्यासारखेच भौतिकशास्त्रातले.

मला या विषयात धरून ठेवलं ते वर्णपटांनी. द्रावणात लख्ख चमकणारं रंगद्रव्य काचेवर पातळ थरात पसरलं, की पुष्कळदा मंदावतं आणि त्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. रेणू तोच, शेजार बदललेला! हे का होतं, हे मी आजही तितक्याच हौसेने शिकवते.

पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) मात्र आत्ताच घोटा, विशेषतः क्षोभ सिद्धांत (पर्टर्बेशन थिअरी). आणि प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारा : निर्वात कक्षात थर चढवायला आणि ग्लोव्हबॉक्सवर (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) काम करायला एम.एस्सी.च्या मुलांना देतात, की नुसतं लांबून दाखवतात? नुसतं दाखवतच असतील, तर दुसरा विभाग शोधा.