या, या म्हणू नकोस

प्रिय सिस्टर,

परवा फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास, ‘ताई, बॅगेत काय काय भरू?’ बॅगेचं शेवटी सांगते. आधी एजन्सीने पाठवलेल्या त्या जर्मनीतल्या नोकरीच्या करारावर सही करायची थांब.

करार जर्मनमध्ये आहे आणि तुझी त्या भाषेची बी-वन पातळीची परीक्षा झालीय. म्हणजे निम्मं तुला कळलं असणार आणि उरलेलं निम्मं कळल्यासारखं वाटलं असणार. हे दुसरं निम्मं फार वाईट. 2016 साली मी मिरजेहून निघाले तेव्हा माझ्यापुढेही असाच कागद आला होता. समोरच्या बाईंनी विचारलं, सगळं समजलं ना? मी म्हटलं, ‘या, या.’ इथे येऊन आठ महिने झाल्यावर कळलं, की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेच्या क्लासचे आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे मीच परत करायचे आहेत. कलम चौथ्या पानावर होतं. कुणी लपवलं नव्हतं, चांगल्या ठळक अक्षरात होतं. मीच पान उलटून पुढे गेले होते.

(जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात. आपण दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतो तसंच. म्हणूनच की काय, आपल्या तोंडून ते फार सहज निघतं.)

तेव्हा करार घेऊन बस. किती काळ बांधून घेतलंय, मध्येच सोडलं तर नेमकी किती रक्कम आणि ती दर महिन्याला कमी होत जाते की नाही, हे बघ. तुझ्या नर्सिंगच्या पदवीला इथे मान्यता मिळेपर्यंत पगार किती आणि मिळाल्यावर किती, हे आकड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. ‘नियमानुसार’ हा आकडा नव्हे. परदेशी नर्सकडून भरतीचा खर्च घ्यायचा नाही, तो हॉस्पिटलने उचलायचा, या तत्त्वावर चालणाऱ्या एजन्सींना जर्मनीत ‘फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’ नावाचं सरकारी मानचिन्ह मिळतं. तुझ्या एजन्सीकडे ते आहे का, विचार. आपल्याकडच्या एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो, तोही बघ. आणि नर्सिंग काउन्सिलचं मूळ रजिस्ट्रेशन, मूळ मार्कशीट, पासपोर्ट कुणाच्याही ‘फक्त दोन दिवस’च्या बोलीवर देऊ नकोस.

2024च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून माझ्या फोनवर सांगली-कोल्हापूरच्या मुलींची रांग लागली आहे. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, ते म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. लग्न झालेलं असेल तर पदवी माहेरच्या नावाने आणि व्हिसा सासरच्या. आपल्याकडे क्लार्क बघून समजून घेतो. इथल्या फायलीत त्या दोन वेगळ्या बाया होतात. ॲफिडेव्हिट, गॅझेट जे काय करायचं ते तिथेच उरक, त्यानंतर अधिकृत भाषांतर. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मान्यतेला इथे ‘आनेर्केनुंग’ म्हणतात. इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचं काम स्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझीडियुम हे सरकारी कार्यालय बघतं. ते तुझा अभ्यासक्रम इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि बहुतेक वेळा ‘एवढं कमी आहे’ असं पत्र येतं. माझं आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. रडायचं काही कारण नव्हतं, जवळजवळ सगळ्यांना येतं. मग एकतर वॉर्डात काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. तोवर तू कागदोपत्री मदतनीस, पगारही मदतनिसाचा.

आता वॉर्डाचं. हे नीट वाच, कारण इथेच आपल्या मुली मोडतात.

मिरजेत मी एका ड्यूटीत वीस-वीस सलाइन लावायचे. शीर सापडत नसली की डॉक्टर मला हाक मारायचे. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक किंवा मावशी करायच्या. इथे पहिल्या दिवशी माझ्या हातात पाण्याचं घमेलं आणि दोन वॉशक्लॉथ आले, तोंडाला एक, खालच्या अंगाला दुसरा. समोर ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, डावी बाजू गेलेली. सुई मात्र बहुतेक ठिकाणी डॉक्टर लावतात; कुठे काय चालतं ते प्रत्येक हॉस्पिटल आपलं आपलं ठरवतं. मनात आलं, बीएस्सी करून मी इथे अंग पुसायला आले?

त्या कामाला ‘ग्रुंडफ्लेगे’ म्हणतात. ते कसं करतात हे मला एका पोलिश बाईने शिकवलं. आधी पाण्यात त्यांचा चांगला हात बुडवून विचारायचं, बरं आहे ना गरम? दार लावायचं. जेवढं अंग पुसतोय तेवढंच उघडं, बाकी टॉवेलखाली. आणि ज्या हाताने त्यांना थोडंफार जमतं त्या हाताने त्यांनाच तोंड पुसू द्यायचं, पाच मिनिटं लागली तरी. पुसता पुसता टाचेवरचा लाल डाग दिसतो, दोन दिवसांनी जखम होणारा. कालच्यापेक्षा आज बोलणं जड आहे हे तेव्हाच कळतं. मिरजेत हे सगळं मावशींना दिसत असणार. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही.

इथे नातेवाईक पलंगाखाली चटई टाकून झोपत नाहीत. भेटायच्या वेळेला येतात, फुलं ठेवून जातात. सुरुवातीला मला राग यायचा. आता येत नाही, पण सवय झाली असंही म्हणवत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या महिन्यातली. सकाळची युबरगाबे, म्हणजे ड्यूटीचा हँडओव्हर, चालू होती. रात्रपाळीची नर्स भराभर सांगत होती आणि सात नंबरच्या आजोबांबद्दल म्हणाली की ते ‘न्यूश्टर्न’ आहेत. हा शब्द मी क्लासमध्ये शिकले होते. न्यूश्टर्न म्हणजे दारू न प्यायलेला, शुद्धीवरचा. मला वाटलं, म्हातारा पिणारा दिसतोय, आज प्यायलेला नाही. मी मान डोलावली आणि साडेसातला त्यांना ब्रेड, चीज, कॉफी नेऊन दिली. ते बिचारे खूश. नवाला त्यांना ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा कळलं, की न्यूश्टर्नचा दुसरा अर्थ उपाशीपोटी. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

मी अंग चोरून उभी होते, आता बोलणी बसणार म्हणून. वॉर्डच्या प्रमुख बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुला शब्द कळला नव्हता, तर विचारलं का नाहीस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं, की आपल्याकडे सिनियरला उलट विचारलं की ‘एवढंही येत नाही का’ ऐकावं लागतं. शाळेपासून आपण कळल्याचा चेहरा करायला शिकतो. इथे तोच चेहरा धोक्याचा. न कळलेली नर्स चालते, कळल्याचं दाखवणारी चालत नाही.

त्या दिवसापासून मी खिशात वही ठेवली. हँडओव्हर झाला की ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं: सात नंबर, उपाशी, नऊ वाजता ऑपरेशन, बरोबर? पहिल्या आठवड्यात लोक कंटाळतात. मग त्यांनाही बरं वाटायला लागतं.

वेळ तर हमखास परत म्हणून दाखव. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे शब्दशः अर्धा आठ, पण वाजलेले असतात साडेसात. इथले लोक वर ‘फिर्टल आख्ट’ म्हणतात, म्हणजे सव्वासात! डोक्यात इंग्रजी ठेवून ऐकलंस तर इन्शुलिन तासभर उशिरा जाईल. आकड्यांत मात्र आपली चंगळ आहे. जर्मन माणूस बेचाळीसला ‘दोन आणि चाळीस’ म्हणतो, अगदी आपल्यासारखा. माझ्या केरळच्या मैत्रिणी फोनवर बीपी लिहून घेताना आकडे उलटे करून बसायच्या, मी मजेत लिहायचे. पाढे कधीतरी असे कामाला येतात.

आणि क्लासमधली जर्मन इथे अर्धीच चालते. इथली बोली श्वेबिश. एक आजी थंडीने कुडकुडत सारख्या ‘टेपिश’ मागत होत्या. टेपिश म्हणजे गालिचा. मी खोलीभर गालिचा शोधला. त्यांना पांघरूण हवं होतं, श्वेबिशमध्ये पांघरुणालाही टेपिशच.

‘एक आजी’ असं मी इथे तुला लिहितेय, वॉर्डात चुकूनही म्हणायचं नाही. आपण प्रेमाने आजी, मावशी, काका म्हणतो. इथे त्यात त्यांना कमीपणा वाटतो, त्यांचं नाव हिरावून घेतल्यासारखं. फ्राउ आणि आडनाव, हेर आणि आडनाव, आणि नेहमी ‘झी’, म्हणजे अहो-जाहो. नव्वदीच्या बाईला स्वतःचं गावही आठवत नसतं, पण आडनावाने हाक मारली की ती मान ताठ करते.

आजारी पडलीस तर क्रोसिन घेऊन ड्यूटीवर जाऊ नकोस. शौर्य नाही ते, इथे बेजबाबदारपणा समजतात. ड्यूटी सुरू व्हायच्या आत वॉर्डला फोन करायचा. तीन दिवसांच्या वर गेलं तर डॉक्टरचा दाखला लागतो, काही ठिकाणी पहिल्याच दिवसापासून मागतात, करारात बघ. नोकरीचे पहिले 4 आठवडे सोडले तर आजारपणात 6 आठवड्यांपर्यंत पगार पूर्ण मिळतो. रात्री-अपरात्री ताप आला तर 116117 लाव, जीवावरचं असेल तर 112.

रजेचं गणित वेगळंच आहे. पुढच्या वर्षीची रजा आदल्या वर्षीच्या शेवटाला मागून ठेवावी लागते. म्हणून आपल्या बायका ऑक्टोबरात कॅलेंडर काढून पुढच्या वर्षीचा गणपती कधी आहे ते शोधतात. त्यातही इथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि मुलंबाळं असलेल्यांना त्या दिवसांत आधी रजा. गणपती ऑगस्टअखेर आला की गेलाच समज. ज्या वर्षी उशिरा येतो त्या वर्षी जा.

पैशांचं थोडक्यात: 3,000 युरो पगार ऐकून घरी रुपयांत गुणाकार करू नका. तो ब्रुटो. कर, विमा, पेन्शन कापून एकट्या बाईच्या हातात 2,000 ते 2,100च्या घरात येतात. घराची अनामत हीटिंग-पाणी वगैरेचा खर्च सोडून नुसत्या भाड्याच्या तिप्पटीपर्यंत मागू शकतात, शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला महिना 18 युरो 36 सेंट, टीव्ही असो वा नसो. माझ्याकडे ते पत्र आलं तेव्हा फसवणूक समजून मी फाडून टाकलं होतं. दंडासकट परत आलं.

खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद कर. घरमालकाचा सहीचा फॉर्म लागतो. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या संध्याकाळी, पत्रपेटीवर आपलं नाव चिकटव. टॅक्सचा नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन परत घेऊन जातो. पत्त्यात खोली नंबर वगैरे चालत नाही, नावच.

एखाद्या सकाळी तुझ्या दाराला एक पाटी लटकलेली दिसेल, ‘केरवोखे’. शेजारणीने लावलेली. घाबरू नकोस. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी. झाडण्याला जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणतात. केर काढायचा आठवडा असं आपल्या भाषेत सरळ बसतं. झाडून, पुसून झालं की पाटी पुढच्या दाराला लावायची. नुसती लावून पळू नकोस, शेजारीण कठड्यावरून बोट फिरवून बघते. माझी बघायची. मी दोनदा टाळलं तेव्हा तिने बोलणं सोडलं होतं, आणि एका पुरणपोळीवर परत धरलं.

डिसेंबरात इथे सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. सकाळपाळी असली की दिवस खिडकीतूनच बघायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर पडायचंच, आळस आला तरी. पहिल्या हिवाळ्यात मी पडले नाही, फेब्रुवारीपर्यंत आईचा फोनही नको वाटायला लागला होता. तुला तसं वाटलं तर मला सांग.

आता बॅग. स्वेटर तिथून आणू नकोस, इथल्या थंडीला पुरत नाहीत. वॉर्डात घालायला मऊ तळव्याचे दोन जोड बूट आण. गोडा मसाला अर्धा किलो पुरे. साजूक तूप, पेढे, खवा काही नको. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते तुझ्यासमोर डब्यात टाकतात. आईला हे आधीच सांग, ती शेवटच्या क्षणी भरेल. छोटा कुकर आण, फक्त रात्री दहानंतर शिट्टी नको.

आणि करार स्कॅन करून मला पाठव. सगळी पानं. मागची कोरी वाटतात तीसुद्धा.

तुझी,
ताई