रोडी व्हायचंय? आधी अर्थिंग तपासायला शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गिटार बऱ्यापैकी येते, आणि नोकरी धरण्याऐवजी एखाद्या रॉक बँडबरोबर रोडी म्हणून, म्हणजे त्यांचं सामान वाहणारा-लावणारा माणूस म्हणून, गावोगाव फिरायची ओढ आहे. आयुष्य कसं असतं, पैसे मिळतात का, पुढेमागे बँडमध्ये शिरता येतं का आणि घरी काय सांगायचं. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो. मी पुण्या-मुंबईच्या बँडांबरोबर गिटार टेक (वादकाच्या गिटारी सांभाळणारा) म्हणून आणि बॅकलाइनचं, म्हणजे स्टेजवरच्या वाद्यांचं आणि त्यांच्या सामानाचं, काम बरीच वर्षं करतोय, अजूनही फिरतोय.

बँडमध्ये शिरायचं आधी उरकतो. उदाहरणं आहेत. मोटरहेडचा लेमी त्याआधी जिमी हेंड्रिक्सचं सामान वाहायचा, ओएसिसचा नोएल गॅलाघर इन्स्पायरल कार्पेट्स या बँडचा रोडी होता. पण डोक्यात हे धरून आलास तर काम नीट होणार नाही. स्टेजच्या कडेला उभं राहून ‘इथे मी असतो तर कसं वाजवलं असतं’ असा विचार करणाऱ्या मुलाचं लक्ष तुटलेल्या तारेकडे जात नाही. वाजवायचं असेल तर सरळ बँड काढ. हे काम ज्याला हेच काम आवडतं त्याचं आहे.

परदेशी टूरची जी चित्रं आपण बघतो, तिथे प्रत्येक गोष्टीला वेगळा माणूस असतो. टूर मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर, गिटारचा टेक वेगळा, ड्रमचा वेगळा, लायटिंगचे, रिगिंगचे (स्टेजवर सामान टांगणारे). आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानावरून जगाची टूर सुरू केली, तेव्हा बँड, क्रू आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७ मधून आलं होतं आणि विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन चालवत होता. आपल्याकडच्या चांगल्या चालणाऱ्या बँडबरोबरही एक साउंड इंजिनिअर आणि एक-दोन टेक एवढेच असतात. म्हणजे ड्रम लावणारा तू, तारा बदलणारा तू, विमानतळावर वजनावरून हुज्जत घालणारा तू, आणि हॉटेलच्या खोल्यांच्या किल्ल्या वाटणाराही तूच.

वजनाचं खरंच मोठं प्रकरण आहे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो चेक-इन मिळतं आणि केससकट भरलेला एक पेडलबोर्डच (गिटारचा आवाज बदलणारी पेडलं बसवलेली फळी) जवळपास तेवढा भरतो. म्हणून आपले बँड गिटार, पेडलबोर्ड, झांजा आणि स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) एवढंच नेतात. अ‍ॅम्प आणि ड्रमसेट तिथल्या तिथे भाड्याने, टेक रायडरमध्ये, म्हणजे आयोजकाला दिलेल्या सामानाच्या यादीत, लिहून दिल्याप्रमाणे. लिहून दिल्याप्रमाणे मिळतं असं मात्र समजू नकोस. दोन दिवस आधी साउंडवाल्याला स्वतः फोन करायचा, अ‍ॅम्पचा फोटो मागवायचा, ड्रमचा गालिचा आहे का विचारायचं. गालिचा नसला की बेस ड्रम दर गाण्याला वीतभर पुढे सरकतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायच्या, नाहीतर तुझी फ्लाइट केस खाली उघडली जाईल आणि तू गेटवर अडकशील. परदेश दौरा असेल तर कार्नेवर, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्याच्या कस्टमच्या कागदावर, प्रत्येक वस्तू अनुक्रमांक, वजन आणि किमतीसह लिहावी लागते. परतताना यादीतली एकही वस्तू कमी पडून चालत नाही.

आता दिवस. दुपारी लोड-इन (सामान आत नेऊन लावणं), मग साउंडचेक, मग तासन्‌तास वाट बघणं, मग शो, मग लोड-आउट, म्हणजे सगळं पुन्हा बाहेर. महोत्सवात साउंडचेक बहुधा मिळतच नाही, फक्त चेंजओव्हर मिळतो, पंधरा-वीस मिनिटांचा. आधीचा बँड उतरतोय, तुझा चढायचाय, अंधारात दोन्हीकडची माणसं एकमेकांना धडकताहेत, आणि साउंडवाला ‘किक... किक... स्नेअर’ ओरडून लाइनचेक घेतोय, म्हणजे एकेका मायक्रोफोनचा आवाज येतोय का बघतोय. हा वेळ का महत्त्वाचा? कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ला आवाज बंद करावा लागतो. बाराची सवलत वर्षातून मोजक्या सणासुदीच्या दिवशीच असते. पोलीस मैदानात उभे असतात. दिवसभर सगळ्यांनी मिळून घातलेला उशीर शेवटी वाजवणाऱ्या बँडच्या गाण्यांतून कापला जातो. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव जिथे रुजला ते धोबीतलावचं रंगभवन तर शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले रॉकचे कार्यक्रमच थांबले. त्यामुळे सामान आधीच स्टेजमागे जोडून, ड्रम चाकांच्या पाटावर लावून, मायक्रोफोनच्या जागा टेपने आखून तयार ठेवणं हे आपलं खरं कसब. पेडलबोर्ड वरून नुसता ठेवायचा आणि दोन वायरी खोचायच्या, एवढंच काम त्या पंधरा मिनिटांत उरायला हवं.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. वीज.

१९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर मायक्रोफोनला हात लावताच शॉक बसून गेला. अर्थिंग नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि आपल्याकडे कॉलेजच्या मैदानांवर तीच परिस्थिती मी आजही बघतो. विदर्भातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचं सांगतो. साउंडची वीज जनरेटरवरून, आणि गिटारच्या अ‍ॅम्पसाठी कुणीतरी जिमखान्याच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढलेलं. मी सवयीप्रमाणे मल्टिमीटर एसीवर लावला, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं मायक्रोफोनच्या जाळीला. काटा शंभर व्होल्टच्या आसपास. म्हणजे गायकाने गिटार गळ्यात घालून ओठ मायक्रोफोनला लावले असते तर ती वीज त्याच्यातून गेली असती. एक्स्टेंशनची पिन काढून बघितली तर तिसरा, अर्थिंगचा पाय कापलेला. कशासाठी? हमिंग येतं म्हणून.

उपाय सोपा होता: अ‍ॅम्पची वीजही साउंडच्याच, नीट अर्थ केलेल्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डावरून घेतली. वायर लांब ओढावी लागली, कार्यक्रम अर्धा तास लांबला, आयोजक चिडले. चिडू देत. पुन्हा मीटर लावला, आकडा शून्याजवळ आला, मग बँडला वर बोलावलं. हमिंग घालवायचं असेल तर डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, ते फक्त सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं. विजेच्या पिनेचा तिसरा पाय कुणी कापायला सांगितला, मग तो कितीही मोठा उस्ताद असो, ऐकायचं नाही. पावसात स्टेज ओलं असेल तर ‘पाच मिनिटांत वाळेल’ हे पण ऐकायचं नाही. इंजिनिअरिंग करतोयस ना, मग तुझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग इथे आहे. कलाकार आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात आणि त्यांना हे काही दिसत नसतं.

गिटारचं म्हणशील तर तारा भराभर बदलता येणं ही सुरुवात झाली. नवी तार चढवली की हाताने तीन-चारदा ओढून ताणायची आणि पुन्हा सूर लावायचा, नाहीतर दुसऱ्याच गाण्यात उतरते. एसी गाडीतून उतरवलेली गिटार लगेच उघडायची नाही, केस बंद ठेवून तिला मैदानाची हवा घेऊ द्यायची. कोकणात आणि गोव्यात पावसाळी दमटपणाने नेक हलते, डिसेंबरात नागालँडला हॉर्नबिल महोत्सवाला गेलास तर कोरड्या थंडीने उलटं होतं. फ्लॉइड रोझ ब्रिजवर (स्प्रिंगांवर तरंगणारा, तारा धरणारा भाग) एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात, तेव्हा सुरात लावलेली दुसरी गिटार हातात घेऊनच कडेला उभं राहायचं. वादकाने तुझ्याकडे नुसतं बघितलं की तू अर्ध्या वाटेवर असायला हवास. ट्यूनर पेडल दाबून आवाज बंद, गिटार बदल, आवाज चालू. प्रेक्षकांना गिटार बदललेली कळलीही नाही, तर मला त्या रात्री झोप छान लागते.

कानांचं आजच कर. ८५ डेसिबल आठ तास चालतं, त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी तू रोज त्याहून जास्त आवाजात दोन तास उभा राहणार. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांनी आवाज बसका न होता कमी होतो. पहिल्या मानधनातून तेच घे. कानात कायमची शिट्टी घेऊन फिरणारे माझे सोबती आहेत, आणि ती शिट्टी जात नाही.

पैसे शोप्रमाणे मिळतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, कॉलेजांचे महोत्सव डिसेंबर ते फेब्रुवारी, पावसाळा कोरडा. त्या महिन्यांत लग्नांचं, कॉर्पोरेट कार्यक्रमांचं काम घ्यावं लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. ठरवतानाच विचार: दर शोला किती, प्रवासाच्या दिवसाचे किती, जेवण आणि राहणं कुणाकडे, अपघात विमा आहे का. निम्मे आगाऊ माग आणि सगळं मेसेजवर लिहून घे. ‘आपण घरचेच’ म्हणणाऱ्याकडून तर नक्की लिहून घे. आणि बँडच्या आतली भांडणं, कोण किती प्यायलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे गाडीतच सोडायचं. ही गोष्ट जपलीस की पुढचं काम फोन न करता येतं.

घरी सांगताना ‘बँडबरोबर फिरणार’ असं सांगू नकोस, त्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच येईल. नाटकाच्या बसने सेट घेऊन फिरणारे बॅकस्टेजवाले आणि नारायणगावहून हंगामाला निघणारे तमाशाचे फड आपल्या लोकांना माहीत आहेत. तंबू, पडदे, कनाती, लायटी सांभाळणारी ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत आणि त्यावर घरं चाललीत. तुझे आजोबा तुझ्या वडिलांपेक्षा लवकर समजून घेतील असं मला वाटतं.

लगेच बँड शोधू नकोस. गणपती-नवरात्रात तुझ्या गावच्या चांगल्या साउंडवाल्याकडे उमेदवारी कर. वायर गुंडाळायला शीक, एक वेढा सरळ एक उलटा, म्हणजे उलगडताना पीळ पडत नाही. सोल्डरिंग शीक: एक्सएलआरमध्ये (मायक्रोफोनच्या वायरीचा तीन पिनांचा कनेक्टर) एक नंबरला शील्ड, दोनला हॉट, तीनला कोल्ड, आणि आपण केलेली वायर स्वतः मीटरवर तपासून मगच द्यायची. एक मल्टिमीटर, टेस्टर, हेडलॅम्प, गॅफर टेप आणि तारा कापायचा पकड बॅगेत कायम ठेव. पायात बंद, जाड तळाचे बूट हवेत. नवरात्र संपलं की मला वैयक्तिक निरोप पाठव, आणि तोवर केलेल्या कामाचे दोन फोटो जोड, त्यातला एक तू स्वतः सोल्डर केलेल्या वायरीचा, कनेक्टर उघडून काढलेला.