तिसरा पडत नाही म्हणून गिअरसेट बदलू नका

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची १९७८ ची बुलेट ३५० मी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली आहे. इंजिन झकास चालतं. पण दुसऱ्यावरून तिसरा टाकला की गिअर मध्येच अडकतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. तिसऱ्यावरून दुसरा मात्र बरोबर येतो. शिवाय गाडी तापली की पहिला टाकताना खाडकन आवाज होतो आणि गाडी हिसका मारते. इथले मेकॅनिक म्हणतात, गिअरबॉक्स खोलून सगळे गिअर बदला. काय करू?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आत्ता तरी एकही गिअर बदलू नका. जुन्या बुलेटचे धडधाकट गिअर साताऱ्यात भंगारात गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि तसा गिअरसेट पुन्हा मिळवताना जीव जातो. तुमच्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

खाडकन आवाज क्लचचा. लिव्हर दाबूनही प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. हँडलवरचा लिव्हर दोन-तीन मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. त्याहून जास्त हलत असेल तर क्लच वायर ताणून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डावीकडचं प्रायमरी कव्हर (ज्याच्या आत क्लच असतो) काढा, कुणाला तरी लिव्हर दाबायला लावा आणि बाहेरची प्लेट नीट बघा. ती चहूबाजूंनी सारखी उचलली पाहिजे. एका बाजूने तिरकी उठत असेल तर स्प्रिंगा आणि प्लेटा तपासा.

आता तिसरा. तुमच्या गाडीचा चार गिअरचा बॉक्स इंग्लंडच्या अल्बियन या गिअरबॉक्स कंपनीच्या बांधणीचा. पेडल उजवीकडे, पहिला वर, बाकी तीन खाली. पेडल खाली किंवा वर किती जाऊ द्यायचं ते गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कव्हरच्या आत असलेली एक छोटी स्टॉप प्लेट ठरवते. ती एका बाजूला सरकली की एका दिशेला पाय पुरा जातो आणि दुसरीकडे गिअर अर्ध्यावर राहतो. वर येताना दुसरा बरोबर पडतो आणि खाली जाताना तिसरा पडत नाही, हे तुम्ही लिहिलंत, म्हणून माझा संशय थेट या प्लेटवर आहे. हे नेमकं लिहिलंत ते फार बरं केलंत.

पण आधी पेडल शाफ्टवर खिळखिळं झालंय का ते हलवून बघा. आटे गेलेले असतील तर पुढचं सगळं ॲडजस्टमेंट वाया. ते घट्ट असेल तर किक, पेडल, न्यूट्रलचा लिव्हर आणि क्लच वायर सोडवून बाहेरचं कव्हर काढा. प्लेट दोन बोल्टांनी धरलेली असते आणि बोल्टांची भोकं लांबट असतात. बोल्ट जरासे ढिले करा, प्लेट नखभर सरकवा, पुन्हा आवळा. पेडल तात्पुरतं शाफ्टवर चढवा, गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर खाली-वर टाकून बघा. चाक थांबलेलं असताना गिअर पडत नाहीत, त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्रास वाढला तर प्लेट उलट दिशेला न्या. सरकवण्याआधी तिच्या मूळ जागी खूण करून ठेवा.

कव्हर उघडंच आहे तर आतलं वंगणही बघा. गळती थांबावी म्हणून कुणी चेसिसचं घट्ट ग्रीस कोंबलेलं असतं. ते गिअरने बाजूला ढकललं की तिथेच बसून राहतं आणि दाते कोरडे फिरतात. ते साफ काढा.

एवढं करूनही यवतेश्वरचा घाट चढताना, इंजिनवर जोर असताना, पडलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र आतले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे जाड दाते) आणि सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) झिजलेले समजा. तेव्हा बॉक्स खोला आणि जे झिजलंय तेवढंच बदला.