जुने निबंध वाचले की लाज वाटते

परीक्षा जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी साहित्याचे विद्यार्थी हटकून येतात. तक्रार साधारण एकच: "मला यातलं काही कळत नाही, विषयच चुकला." मार्क बहुतेकांचे बरे असतात, त्यामुळे घरचे वैतागलेले असतात, की आता हे काय नवीन.

मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाईंनी वर्षभराचे निबंध परत देऊन सांगितलं होतं, हे वाचा आणि आपण काय शिकलो ते दोन पानांत लिहा. ती पानं कोरीच होती. "मॅडम, सगळं गाईडमधलं आहे. तुकाराम असोत की केशवसुत, माझं शेवटचं वाक्य एकच." तिने ते वाचून दाखवलं: 'या कवितेत आशय आणि अभिव्यक्ती यांचा सुरेख संगम झाला आहे.' मला हसू आलं, तीही हसली. आमच्या पिढीनेही हा संगम पुष्कळ घडवलाय.

मग म्हणाली, "म्हणजे मीच खोटी आहे ना?"

निबंध उसना आहे इथपासून मी खोटी आहे इथवर ती एका दमात पोचली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं इथे अडवते: कृतीला नावं खुशाल ठेवा, अख्ख्या माणसाला नको. पण हे नुसतं सांगून विशीतल्या मुलीला पटत नाही. 'तू खोटी नाहीस गं' अशी समजूत मैत्रिणींनी आधीच काढलेली असते. म्हणून तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, गाईडमधल्या ओळींखाली रेघ ओढ. कुठल्याच गाईडात सापडणार नाहीत त्या तशाच सोड.

पानामागून पान रेघांनी भरलं. बहिणाबाईंवरच्या निबंधात मात्र पेन्सिल थांबली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं; गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवली, 1951 मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं. इतपत सगळ्यांच्याच निबंधात असतं. त्याखाली हिने लिहिलं होतं: 'आई मुलासमोर जे म्हणते तेच ती एकटी असताना म्हणत असेल का? माझी आजी बाबा घरात आले की गाणं बदलते. मग बहिणाबाईंची कुठली गाणी आपल्यापर्यंत आलीच नाहीत?'

समासात लाल शाईचं प्रश्नचिन्ह होतं. तिने ते 'चूक' असं वाचलं आणि पुढच्या निबंधापासून मुकाट गाईडकडे वळली.

"बाईंना विचारलंस, प्रश्नचिन्ह कशाला म्हणून?"

"कशाला विचारू? चुकलं असणारच."

तेवढं एक काम देऊन तिला पाठवलं. बाई म्हणाल्या, शंका चांगली आहे, पण तुझ्या आजीवरून बहिणाबाईंबद्दल कसं बोलशील? पुरावा काय देणार? ती थोडी रुसूनच परत आली. मला हे उत्तर कौतुकापेक्षा मोलाचं वाटलं. वाद घालायला बाईंनी तिला समोर बसवलं होतं. त्यानंतर ती दोन पानं लिहून झाली, बरीचशी त्या प्रश्नचिन्हाला आपण का घाबरलो याबद्दल.

अशा मुलांच्या पालकांना मी एवढंच सांगते, की 'मार्क तर चांगले आहेत' हे उत्तर देऊ नका; मुलाने प्रश्न मार्कांचा विचारलेला नसतो. झोप, जेवण, मित्रमैत्रिणी हे सगळंच दोन-तीन आठवडे बिघडलेलं दिसलं तर मात्र गोष्ट निबंधांची राहिलेली नसते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावं.

परीक्षेसाठी ती अजून गाईड वापरते, माझी हरकत नाही. आजीचा दाखला पुरावा म्हणून धरायचा की नाही, यावर तिचं आणि बाईंचं अजून जमलेलं नाही.