वाचकांचे प्रश्न : शांत नाव आणि बुजणारे पक्षी

प्रश्न : आम्ही तिघे मित्र जानेवारीत भिगवणला गेलो आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात स्वतःच्या कयाक उतरवल्या. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे पक्षी आम्हाला जवळ येऊ देतील अशी आमची खात्री होती. प्रत्यक्षात मच्छीमारांच्या इंजिनाच्या होड्या जवळून गेल्या तरी रोहित पक्ष्यांचा थवा चरत राहिला आणि आम्ही दिसताच मात्र सगळा उडाला. असे का झाले असावे? मार्चअखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा पाण्याबाहेर आलेल्या एका बेटावर लहानसा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत चालला होता. उपचारासाठी त्याला पकडावे म्हणून आम्ही मागे गेलो, तर काही वेळाने तो सहज उडून गेला. हा काय प्रकार होता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आवाज म्हणजेच उपद्रव, असे आपण धरून चालला होता. पाणपक्ष्यांची भिस्त मात्र कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक असते. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पुढे कुंभारगाव, डिकसळ या भागांतले मच्छीमार त्याच पाण्यात जाळी टाकू लागले. त्यांची होडी दुरून दिसते, दुरून ऐकू येते, नेहमीच्या वाटेने जाते आणि जाळ्यापाशी थांबते, त्यामुळे ती कुठे वळणार याचा पक्ष्यांना अंदाज असतो. कयाक पाण्यालगत बसकी असते, काठच्या गवताआडून ती चाहूल न देता एकदम समोर येते, वल्ह्याची पाती उन्हात आळीपाळीने चमकतात आणि तिचे टोक सरळ थव्यावर रोखलेले असते. दबा धरून येणाऱ्या शिकारी प्राण्याची चाल याहून फारशी वेगळी नसते. शिवाय ज्या उथळ पाण्यात मोठी होडी शिरू शकत नाही आणि म्हणूनच पक्षी निर्धास्त असतात, नेमक्या तिथेच कयाक पोहोचते.

हे उड्डाण पक्ष्याला स्वस्तात पडत नाही. मोठा रोहित दोन ते चार किलो वजनाचा असतो आणि वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर काही पावले धावल्याशिवाय तो हवेत उठत नाही. चोच उलटी बुडवून चिखलपाण्यातले बारीक जीव गाळून खाणाऱ्या या पक्ष्याला पोट भरण्यासाठी दिवसातले कित्येक तास चरावे लागते. पट्टकदंब हंसांना तर परतीच्या वाटेवर हिमालय ओलांडायचा असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी त्यांना इथेच साठवावी लागते. असे असूनही, छायाचित्रासाठी थवा उडवून दाखवा, अशी गळ पर्यटकच नावाड्याला घालतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

किती मीटर अंतर राखावे, असा ठाम आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण ते जातीनुसार, ऋतूनुसार आणि त्या दिवशी पक्षी आधीच किती वेळा बुजले आहेत त्यानुसार बदलते. खरी खूण पक्षीच देतात. चरणाऱ्या थव्यातल्या बऱ्याच माना एकदम वर झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, की आपण मर्यादा ओलांडली आहे असे समजून वल्हे थांबवावे आणि हळूहळू मागे सरावे. नाव थव्याच्या रोखाने न नेता बाजूने तिरकी न्यावी, ती पक्ष्यांना दुरूनच दिसेल अशा मोकळ्या पाण्यातून न्यावी आणि ज्या दिशेने वारा येतो ती बाजू अडवू नये, कारण उठताना त्यांना तिकडेच धावायचे असते.

आपल्या जिवाचीही काळजी घ्यावी. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. जीवरक्षक जॅकेट घातल्याखेरीज पाण्यात उतरू नये आणि निघण्यापूर्वी वारा व जाळी यांची माहिती स्थानिक मच्छीमाराकडून घ्यावी.

आता त्या लहान पक्ष्याविषयी. तो बहुधा चिखल्या असावा आणि तो जखमी नव्हता. उन्हाळ्यात जलाशय आटू लागला की उघड्या पडलेल्या बेटांवर चिखल्या, टिटवी, नदी सुरय असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती खड्यांच्या रंगाची असल्याने सहज दिसत नाहीत. कोणी जवळ आले की चिखल्या पंख मोडल्याचे सोंग करून त्याला आपल्या मागे ओढत नेतो आणि घरट्यापासून पुरेसा दूर आणल्यावर उडून जातो. आपण त्याच्या मागे गेलात हे त्याच्या दृष्टीने ठीकच झाले. पण तेवढा वेळ अंड्यांवर सावली धरणारे कोणी नव्हते आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर अंड्यांतले जीव फार काळ तग धरत नाहीत. म्हणून मार्च ते जून या काळात अशा बेटांवर उतरूच नये. चुकून उतरल्यावर असा लंगडणारा पक्षी दिसला, तर घरटे शोधत न फिरता प्रत्येक पावलाआधी जमीन नीट पाहून आल्या वाटेनेच, शक्य तर आपल्याच पावलांच्या ठशांवरून, नावेकडे परतावे.