पुरातत्त्वाची ओढ आहे, म्हणून भौतिकशास्त्र सोडायचं?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. न खोदता जमिनीखालचे अवशेष शोधायचं काम तिला करायचंय. त्यासाठी बी.एस्सी. सोडून इतिहासात बी.ए. करते म्हणते. यात नोकऱ्या आहेत का? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. बी.एस्सी. मुळीच सोडू देऊ नका. हे कामच भौतिकशास्त्राचं आहे. १९५८ साली मार्टिन एटकिन या भौतिकशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन इथे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, फिरवून रोमन काळातल्या गाडलेल्या भट्ट्या हुडकल्या. भट्टीची माती तापून निवते, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण तिच्यात राहते. यंत्र ती टिपतं.

आपल्याकडे घोळ असा, की दख्खनचा बेसॉल्टही लाव्हा निवूनच झालाय, म्हणजे तोही चुंबकीय. खडक वर आला असेल तिथे त्याच्या गोंगाटात भट्टीचा क्षीण संकेत बुडतो. दुसरं साधन म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचं चित्र काढणारं रडार. पण काळ्या चिकण मातीत त्याच्या लहरीही फार खोल जात नाहीत. इटलीतल्या फालेरी नोव्ही या रोमन शहराचा रडारने काढलेला नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो पाहून मुलं भारावतात. पण तेच यंत्र आपल्या काळ्या रानात तसंच चालेल, याची खात्री नाही. कुठे काय चालणार नाही हे ओळखणाऱ्यालाच या कामात किंमत आहे. आणि अवशेषांचा काळ ठरवायला शेवटी चर खणावाच लागतो, हेही तिला आत्ताच सांगा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. निव्वळ पुरातत्त्वासाठी भूभौतिकी (भौतिकशास्त्राच्या पद्धतींनी जमिनीच्या पोटातलं शोधणारं शास्त्र) जाणणारा तज्ज्ञ हवा, अशी जाहिरात क्वचितच दिसते. पोट भरतं ते भूजल, खनिजशोध, धरणं, बोगदे यांवर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकीतज्ज्ञांची भरती यूपीएससीच्या परीक्षेतून होते. म्हणून आधी भूभौतिकीत एम.एस्सी. करावं. आयआयटी मुंबईच्या प्रवेशासाठी तिसऱ्या वर्षाला असतानाच 'जॅम' ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देता येते. कोणते विषय लागतात ते माहितीपत्रकात बघा. त्यानंतर पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच.

तोवर या सुट्टीत एक करा. बोअरसाठी पाणी बघायला जमिनीचा विद्युत रोध (वीज वाहायला होणारा अडथळा) मोजणारे भूजलवाले तुमच्या भागात येत असतील. जमिनीखालच्या भिंती शोधायलाही हीच पद्धत वापरतात. दोन दिवस तिला त्यांच्याबरोबर शिवारात पाठवा. भर उन्हात वायरी ओढून, आकडे उतरवून आल्यावरही तिला हेच करायचं असेल, तर बिनधास्त हो म्हणा.